उंदरांच्या सणाला सुई

५ नोव्हेंबर

पत्र मी तुला लिहिलं होतं, उत्तर तुझ्या आईचं आलं. "रालित्सा बरी आहे, कामात आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस." मी काय मनाला लावून घ्यावं हे आता दांका मला सांगणार. तिला नाक पुसायला मी शिकवलंय. आणि भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या तू कुंपणाच्या भिंतीवर तशाच ठेवून गेलीस. दव पडून झाकणं गंजली. राग माझ्यावर होता तर मला बोलायचं. मिरच्यांनी तुझं काय केलं होतं?

आता नमस्कार. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. सकाळच्या बसचा ड्रायव्हर मित्को प्लोवदिवला पोचल्यावर तुझ्या दारातल्या पेटीत टाकतो म्हणालाय. म्हणजे पत्र मिळालं नाही असं सांगायची सोय नाही.

तू जाताना जे बोललीस त्यावर मी विचार केला. त्यातलं अर्धं चूक आहे. ते पांढरे उंदीर मी मागितले नव्हते. तुमच्या संशोधन संस्थेचा बॉयलर बिघडला, प्राण्यांच्या खोलीत गारठा शिरला, म्हणून कुणाला न सांगता तू चार उंदीर दोन पिंजऱ्यांत घालून, वर उशीची खोळ चढवून, बसने माझ्याकडे आणलेस. म्हणालीस, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, तुझ्याकडे चूल असते. मी नाही म्हटलं का? मांजरीला बाहेरच्या स्वयंपाकघरात हाकललं, ती अजून माझ्याकडे पाठ करून बसते. तुझी जुनी खोली त्यांना दिली. त्यातले तीन साखरेने आजारी, त्यांना रोज इन्सुलिनची सुई दिली. चौथी धाकटी, ती अजून आजारी पडायची होती, तिला नुसतं दाणापाणी. सुई कशी द्यायची हे तू मला शिकवायला लागलीस तेव्हा मला हसू आलं. नवव्या वर्षी तुला हेच दुखणं लागलं आणि दांका तिकडे ग्रीसमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करत होती, तेव्हा तुला सुई कोण द्यायचं?

मग संत दिमितरचा सण झाला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उंदरांचा सण आला. तू याच घरात वाढलीस, तुला माहीत आहे. त्या दिवशी बाई सुई धरत नाही, कात्री धरत नाही, कोठी उघडत नाही, नाहीतर वर्षभर उंदीर घर कुरतडतात. माझ्या आईने पाळलं, तिच्या सासूने पाळलं. मी सुई धरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन मेलेले होते. चौथीला मांजरीने नेलं, दार उघडं राहिलं असणार. हे मी तुला सांगितलंय आणि पुन्हा सांगते.

तू दारात उभी राहून म्हणालीस, "मग माझ्या लहानपणी दर सणाला काय केलंस? मलाही सुईवाचून ठेवलंस?"

मी म्हणाले, "तू उंदीर नाहीस."

त्यात एवढं लागण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. तू ते तीन बर्फाच्या डब्यात घातलेस आणि न जेवता गेलीस. घेवड्याचं सूप मी दोन दिवस खाल्लं.

उत्तर लिही.

आजी


२४ नोव्हेंबर

पुन्हा तुझी आईच. या वेळी फोनवर. रालित्साची जीभ कुठे गेली असं विचारलं तर म्हणते, तिला थोडा वेळ दे. मी काय, दुकानदार आहे वेळेची?

तिने सगळं सांगितलं. तुमच्या प्रमुखबाईंनी तुला मार्चअखेरपर्यंतची मुदत दिलीय. तोवर त्या जातीचे जिवंत उंदीर तुझ्याकडे असले तर व्हिएन्नातली जागा तुझी, नाहीतर काम गुंडाळायचं. दुसरीकडून मागवायचे म्हटलं तर वर्ष जाईल. तू रडत नाहीस म्हणाली. जेवतेस, सुई घेतेस, आणि संध्याकाळी भिंतीकडे बघत बसतेस. हे मला सांगायची काय गरज होती? मी फोन ठेवला आणि खाली जाऊन आंबायला घातलेल्या कोबीच्या पिंपातलं पाणी वरखाली केलं. सकाळी केलं होतं, तरी परत केलं.

तू सप्टेंबरात इथे बसून मिरच्या सोलताना मला तुझं काम समजावलं होतंस. तुला वाटलं असेल म्हातारी नुसती मान हलवते. माझ्या लक्षात आहे. शरीरात राखणदार असतात. हाक आली की धावतात आणि परका जो कुणी शिरला असेल त्याला मारतात. मारून झालं की हाक थांबायला हवी. त्यासाठी एक जनुक असतं, त्याच्यापासून एक प्रथिन बनतं, आणि ते प्रथिन राखणदारांच्या कानांवर एक बारीक खूण चिकटवतं. खूण लागलेला कान शरीर मोडीत काढतं, हाक ऐकू येईनाशी होते, राखणदार घरी जातात. त्या खुणेचं नाव तू सांगितलंस, युबिक्विटिन. माझ्या दातांत ते अडकलं.

मी म्हटलं, हे आमच्या सहकारी शेतावरच्यासारखं झालं. शरद ऋतूत जनावरांचा डॉक्टर यायचा आणि जी मेंढी काढून टाकायची तिच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका मारायचा. ठिपका लागलेली संध्याकाळच्या गाडीत. तू काटा हवेत धरून म्हणालीस, "हेच, आजी. आणि माझं जनुक म्हणजे तो ठिपका मारणारा." मग म्हणालीस की या उंदरांत तो मोडलेला आहे. ठिपका पडतच नाही. हाक चालूच राहते, आणि राखणदार आपल्याच घरात घुसून साखर सांभाळणारी ग्रंथी फोडतात. तू ते धड जनुक त्यांच्यात परत घालून बघणार होतीस, राखणदार गप्प होतात का ते. मोडलेल्यांत घातल्याशिवाय ते नक्की करतं काय हे कळणार कसं, असं म्हणालीस. मी विचारलं, मग तुझ्या अंगातही ठिपकेवाला मेलाय का? तू हसलीस. माणसांचं इतकं सोपं नसतं म्हणालीस. त्या दिवशी तू दोन वाट्या दही खाल्लंस.

हे आठवायचं कारण असं की माझ्याही कानात एक आवाज राहून गेलाय.

पिंजऱ्याच्या बाटलीला ती नळी असते, तिच्या टोकाला लोखंडी गोळी. उंदीर चाटतो तेव्हा टिक टिक वाजते. पाणी असलं तर सावकाश. संपलं की भरभर. सणाच्या दिवशी गल्लीतल्या बायका माझ्याकडे होत्या, सगळ्यांत म्हातारी मी म्हणून. मी डोळे मिटून चुलीभोवती चिखल लिंपत होते आणि शेजारची पेना विचारत होती, काय लिंपतेस, आणि मी म्हणत होते, उंदरांचे डोळे लिंपते. दर वर्षी करतो तसं. आणि तुझ्या खोलीतून टिक टिक टिक.

"काय वाजतंय गं?" पेनाने विचारलं.

"घड्याळ," मी म्हणाले, आणि उठून रेडिओ मोठा केला.

पाणी भरायला सुई लागत नाही. हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

बरं, एक विचारायचं होतं. पेनाच्या सशिणीला पिल्लं झालीत. आईला अशा वेळी खायला काय घालावं? गहू चालतो का, की सफरचंद, की अंडं उकडून? तुला प्राण्यांचं कळतं म्हणून विचारते. पेनाला फार काळजी लागलीय.

तू लिही. दांकाला मी विचारलेलं नाही.

आजी


१० जानेवारी

नवीन वर्षाचं कार्ड मिळालं. वर बर्फातलं चर्च, आत तुझ्या आईच्या अक्षरात चार ओळी आणि खाली तुझी सही. सही म्हणजे उत्तर नव्हे. सही तर पेन्शन घेताना मीही करते.

तू सशिणीचंही काही लिहिलं नाहीस. राहू दे. सफरचंद चालतं.

थंडी फार आहे. नळ गोठला होता, मी पहाटे बर्फ वितळवून पाणी केलं. माझ्या एकटीला काय पाणी लागतं, असं पेना म्हणाली. मी म्हटलं, तहान लागते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. दारात दिलं ते उत्तर नव्हतं. आता देते.

तू लहान असताना दर उंदरांच्या सणाला मी तुला सुई दिली. एकदाही चुकवली नाही. कोठीच्या खोलीत नेऊन, झडप लावून, तुझ्या डोक्यावर शाल टाकून. तुला तो खेळ वाटायचा, आपण लपलोय असं. मग बाहेर येऊन मी बायकांना सांगायचे, पोरीला झोप येत होती. तुझा आजोबा कोल्यो तेवढा जाणून होता. त्याने एकदा विचारलं, तुझा सण मोडला की. मी म्हटलं, मोडू दे. तू पहिल्यांदा आजारी पडलीस त्या उन्हाळ्यात अंगणातल्या पंपाला तोंड लावून तू पाणी प्यायचीस, सोडायची नाहीस, हाताने ओढून काढावं लागायचं. तसली तहान ज्याने पाहिलीय त्याला कुणी सण सांगू नये.

तर सणाचं कारण मला चालत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोव्हेंबरातल्या पहिल्या पत्रात मी आई आणि तिची सासू मधे घातल्या ते उगाच.

खरं कारण हे की त्या उंदरांना घेऊन तू व्हिएन्नाला जाणार होतीस. मला वाटलं, एक दिवस सुई चुकली तर जरा मलूल होतील. मी फोन करीन. तू धावत येशील, एकदोन आठवडे राहशील, त्यांची काळजी घेत बसशील, मी चीज भरून बनित्सा भाजीन. एवढंच. मरतील असं वाटलं नव्हतं. पण टिक टिक भरभर व्हायला लागली तेव्हा वाटायला हवं होतं, आणि तेव्हा बायका घरात होत्या. सणाच्या दिवशी उंदरांना पाणी पाजणारी म्हातारी म्हणून मला गावभर नाव पडलं असतं. मी बसून राहिले. पेनाने राकिया ओतली, मी प्यायले.

दांकाला यातलं काही सांगू नकोस. ती मला समजून घेईल, आणि ते मला नको आहे.

आजी


२६ फेब्रुवारी

चौथीला मांजरीने नेलं नाही.

मांजरीवर मी चार महिने खोटा आळ घेतलाय. आता ती घरात आहे. वरच्या मजल्यावर, कडी लावून, पण घरात.

त्या सकाळी तीन एका पिंजऱ्यात मेलेले होते आणि धाकटी दुसऱ्यात जिवंत होती. पिंजऱ्याच्या तारेवर जमलेली ओल चाटत होती. मी तिला एप्रनमध्ये घेतलं, चमच्याने पाणी दिलं आणि चुलीमागे कोकरांच्या पेटीत ठेवलं. मी फोन केला आणि दुपारच्या बसने तू आलीस. तीन पाहिलेस, चौथी कुठे म्हणून विचारलंस. मी म्हणाले, मांजर. मी घाबरून बोलले नाही. विचार करून बोलले. तुझा चेहरा बघून मला कळलं होतं की तू तिला घेऊन जाशील आणि पुन्हा या दारात येणार नाहीस. एक जीव माझ्याकडे राहिला तर तुला यावं लागेल, असा माझा हिशेब. तो जीव आहे हे तुला ठाऊकच नसेल तर तू येशील कशाला, हे माझ्या डोक्यात तू बसमध्ये चढल्यावर आलं. चार इयत्ता शिकल्याचा उजेड.

पेनाकडे ससे नाहीत. कधीच नव्हते. धाकटी आधीच गाभण होती. नोव्हेंबरात व्याली. पिल्लं गुलाबी, घेवड्याच्या दाण्याएवढी. काही गेली, सहा जगली. आता मोठी आहेत. नर-मादी मी वेळीच वेगळे केले, कोकरांचं केलेलं आहे, हे काही त्याहून अवघड नाही. नावं ठेवलेली नाहीत. तू म्हणायचीस, नावं ठेवू नयेत.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. नोव्हेंबरात दांकाने मुदतीचं सांगितलं त्या दिवशी पेटीत पिल्लं होती. मी फोन ठेवून खाली कोबीकडे गेले ते म्हणूनच. दर वेळी वाटायचं, या पत्रात लिहू. मग वाटायचं, लिहिलं की तू येशील, पिंजरे उचलशील आणि जाशील, आणि मग या घरात माझा आणि रेडिओचा आवाज. भिंतीकडे बघत बसलेल्या तुला मी तसंच बसू दिलं. सणाच्या दिवशीची चूक एका दिवसाची होती. ही मी रोज सकाळी उठून नव्याने केली, आणि वर न्याहारी केली.

आता लिहायला काय झालं ते सांगते. रविवारपासून एका नराची बाटली दुपारच्या आत रिकामी होते. भुसा भिजलेला असतो. मी पाहिलं आणि मला पंपाला तोंड लावलेली तू दिसलीस. तू फ्रिजच्या दारात विसरलेली इन्सुलिनची कुपी मी फेकून दिली असं दांकाला सांगितलं होतं. तेही खोटं, ती होती. मोठ्यांना द्यायचे त्याच्या निम्म्याहून कमी देते, अंदाजाने. पण हे पोर आहे, आणि कुपी तळाला आलीय. औषधाच्या दुकानातली पोरगी चिठ्ठी मागते. मी म्हटलं उंदरासाठी हवंय, तर तिने मला बसायला खुर्ची दिली.

आणि पेनाला कळलं. काल ती दह्याचं विरजण मागायला आली आणि टिक टिक ऐकून सरळ तुझ्या खोलीत शिरली. मी मागे उभी, हातात सुई. तिने वाकून बाटलीकडे पाहिलं.

मग म्हणाली, "हेच का ते घड्याळ?"

"हेच."

"किती वाजले म्हणते?"

"उशीर झालाय म्हणते."

ती खाटेवर बसली. तुझ्या. मी तिला सगळं सांगितलं, सणाचं, रेडिओचं, मांजरीचं. मला वाटलं आता उठून गल्लीत जाईल. ती म्हणाली, "अगं बये, त्या दिवशी सांगितलं असतंस तर मीच पाणी घातलं असतं. मला कशाची भीती? माझ्या कोठीत आधीच इतके आहेत की त्यांचे डोळे लिंपले काय, चष्मे लावले काय, फरक पडायचा नाही."

मी जिच्या लाजेने बसून राहिले ती हे म्हणाली. ते तीन जीव ज्या कारणाने गेले ते कारणच मुळात नव्हतं. हे मला तुझ्या गप्प बसण्यापेक्षा जास्त लागलं, आणि तुझं गप्प बसणंही काही कमी नव्हतं.

आज सकाळी पेना नराला धरून बसली आणि मी सुई दिली. दाराला कडी लावली नव्हती.

मार्च अजून संपलेला नाही. ये आणि घेऊन जा, सगळे, धाकटीसकट. व्हिएन्नाला ने. मी अडवणार नाही, जेवायला बस असंही म्हणणार नाही. मेंढीच्या पाठीवरचा ठिपका मी मारत नसे, पण कुणाला लागला पाहिजे हे मला कळायचं. तुझ्या मनात माझ्यासाठी जे काही उरलंय त्यावर तो मारायचा की नाही, हे तू ठरव. तुझ्या प्रमुखबाईंना काय सांगायचं तेही तू ठरव. हवं तर म्हण, आजी चोर आहे. खरंच आहे ते.

पाकिटात मार्चचा लाल-पांढरा दोरा आहे, तब्येत चांगली राहावी म्हणून दर वर्षी बांधतो तो. एक तारखेला मनगटाला बांध, रागात असलीस तरी बांध, त्याचा रागाशी संबंध नाही. दुसरा मी पिंजऱ्याला बांधलाय. गल्लीतून खिडकीत दिसतो. दिसू दे.

मित्कोला सांगितलंय, पत्र पेटीत टाकायचं नाही, वर जाऊन तुझ्या हातात द्यायचं आणि उत्तरासाठी उभं राहायचं. तो उभा असेल. उत्तर तू लिहायचंस, तुझ्या आईने नाही. आधी सुईचं माप लिही. शिव्या त्याखाली.